दहा माणसं आणि एक पातेलं: मशिदीतला सण कसा करायचा

नव्या वर्षाच्या आधीचा आपला एलुल महिना लागला की माझा फोन वाजू लागतो. "मावशी, आई इस्रायलला, अश्दोदला आहे, सासूबाई आता नाहीत. नव्याच्या सणाला मी नेमकं काय काय करू?" नव्याचा सण म्हणजे रोश हाशाना, आपलं नवं वर्ष. गेल्या वर्षी असं विचारणारी मुलगी लग्न होऊन नुकतीच ठाण्यात आली होती. तिला अर्धा तास सांगितलं. मग दुसरीचा फोन आला, मग एका मुलाचा, तो तर घरात एकटाच राहतो. म्हणून या वेळी सगळं लिहूनच काढते आहे. आमच्या मशिदीतल्या, म्हणजे सिनेगॉगमधल्या, सणांच्या जेवणाचं मी बघते, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. त्याआधी माझी आई बघायची.

सगळ्यांना पहिली गोष्ट मी तीच सांगते: सण घरात एकट्याने करू नका, डबा घ्या आणि मशिदीत या. भारतात आपण बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, सगळे मिळून पाच हजारांच्या आत उरलो आहोत, त्यातले बहुतेक ठाणे-मुंबईत. हेखालातून, म्हणजे मशिदीतल्या पवित्र कपाटातून, सेफेर तोरा, आपल्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढून वाचायची तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायलाही दहाच लागतात. तुमच्या घरात नवरा, दीर आणि मुलगा असे तिघे असतील आणि ते तिथेच बसून राहिले, तर मशिदीत सातच उरतात आणि कोणाच्या तरी वडिलांचा कद्दिश राहून जातो. आणि जो दहावा माणूस बदलापूरहून किंवा पनवेलहून येतो, त्याला प्रार्थना झाल्यावर उपाशी परत पाठवता येत नाही. म्हणून प्रार्थना आणि जेवण मी वेगळी धरत नाही.

माझ्या आजोळी, अलिबाग तालुक्यात, मी आठ-नऊ वर्षांची असताना किप्पूरच्या, म्हणजे पापक्षमेच्या रोज्याच्या, संध्याकाळी नऊच पुरुष जमले होते. दहावा माझा मामा, मुंबईहून निघालेला. पाऊस लागला होता आणि त्याची एसटी वडखळला अडकली. तो उतरला, एका ट्रकमध्ये बसला आणि सूर्य बुडायला थोडा वेळ असताना मशिदीच्या फाटकात आला. आजी हातात पुरी घेऊनच उभी होती. त्याने तिथेच उभ्याने ती खाल्ली, पाणी प्यायला आणि आत गेला. मग प्रार्थना सुरू झाली. पुढचे पंचवीस तास त्याचा रोजा त्या एका पुरीवर झाला.

आधी तारीख

आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हे नव्या लोकांच्या लक्षात राहत नाही. कॅलेंडरवर सण मंगळवारी छापला असेल तर तो सोमवारी संध्याकाळी लागतो आणि स्वयंपाक सोमवारी दुपारी चारपर्यंत आटपलेला हवा. महिने चंद्राचे असल्यामुळे शेजाऱ्यांच्या सणांशी आपले सण वारंवार जुळतात. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती आणि त्याच संध्याकाळी आपलं नवं वर्ष लागलं. दसरा २ ऑक्टोबरला होता, आपलं किप्पूरही त्याच दिवशी. कोजागिरीच्या संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे आपला मांडवाचा सण, लागला. असं झालं की झेंडू, गुलाब, नारळ, केळीची पानं, सगळ्यांचे भाव चढतात आणि आयत्या वेळी काही मिळत नाही. नारळवाल्याला आठ दिवस आधी सांगून ठेवा.

२०२६ मध्ये रोश हाशाना शुक्रवारी, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो. पहिला दिवस शनिवार, म्हणजे शब्बाथ, आपला विश्रांतीचा वार. शब्बाथला शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकत नाहीत, त्यामुळे शोफार रविवारी ऐकायला मिळेल. मुलांना त्यासाठीच आणणार असाल तर रविवारी आणा. मुलं शनिवारी येऊन हिरमुसून परत जातात, असं मी पाहिलं आहे.

हिब्रू नावं आपल्या पूर्वजांना फारशी ठाऊक नव्हती. त्यांनी सणांना नावं दिली ती स्वयंपाकघरातून आणि दारातून: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण लेकरं, अशी आपली परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. शेमा ही एका देवाची प्रार्थना आठवत होती, शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे आठवत होतं. तेवढ्यावरून लोक आपल्याला शनवार तेली म्हणू लागले. ही जुनी नावं मुलांना जरूर सांगा.

नव्याचा सण

रोश हाशानाला चिकाचा हलवा हवाच. बाजारच्या तयार पिठाचा किंवा चायना ग्रासचा झटपट हलवाही करतात, मी त्याला नाही म्हणत नाही, पण चिकाची चव त्याला येत नाही. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजवायचे. पाणी रोज बदलायचं, नाहीतर आंबूस वास येतो आणि मग तो साखरेनेही झाकला जात नाही. चौथ्या दिवशी वाटून, फडक्यातून पिळून चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. तीन मोठ्या नारळांचं घट्ट आणि पातळ दूध, साधारण पाऊण किलो साखर, चिमूटभर मीठ, वेलची आणि गुलाबी रंग. सगळं थंड असतानाच एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर चढवायचं आणि पहिल्या मिनिटापासून हलवत राहायचं. दीड-दोन तास लागतात. एका माणसाचं काम नाही हे. आमच्याकडे तीन जणी पाळीपाळीने उलथनं धरतात. गोळा कडा सोडू लागला आणि थेंबभर ताटलीत टाकल्यावर बोटाला चिकटेनासा झाला की थाळ्यांत ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे आणि गार झाल्यावर शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडायचे. यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंबही नसतो, म्हणून मटणाच्या जेवणावरही तो बिनधास्त खाता येतो.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर जेवणाच्या आधी बेराखांचं, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थनांचं, ताट फिरतं. त्यासाठी परदेशी काही शोधत बसू नका, सगळं आपल्या मंडईत आहे. खजूर, चवळी, कांद्याची पात, बीट किंवा त्याचा पाला, लाल भोपळा, डाळिंब, मधात बुडवलेली सफरचंदाची फोड आणि बकऱ्याची मुंडी. मुंडी नको असेल तर माशाचं डोकं. प्रत्येक पदार्थाच्या हिब्रू नावात एक मागणं लपलेलं आहे. चवळीला रुबिया म्हणतात, त्यात वाढण्याचा शब्द आहे: आमची पुण्यं वाढोत. कांद्याची पात म्हणजे कार्ती, त्यात कापण्याचा: आमचे वैरी कापले जावोत. भोपळा म्हणजे कारा, त्यात फाडण्याचा: आमच्याविरुद्धचा निवाडा फाडला जावो. डाळिंबाला मात्र शब्दाचा खेळ लागत नाही, दाण्यांइतकी पुण्यं मागायची. मुलांना एकेक पदार्थ वाटून द्या आणि ज्याच्या हातात जो आहे त्याचा अर्थ त्यालाच मोठ्याने मराठीत सांगू द्या. पाच वर्षांची पोरगी भोपळ्याची फोड धरून निवाडा फाडायला सांगते तेव्हा सगळी मशीद आमेन म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ताश्लिखसाठी, म्हणजे पापं पाण्यात सोडण्याच्या प्रार्थनेसाठी, खाडीवर किंवा समुद्रावर जातात. पहिला दिवस शब्बाथ नसेल तेव्हा पहिल्याच दिवशी. तिथे काही खायला नेऊ नका, लवकर परत या.

साठ माणसांचा स्वयंपाक

मटण असेल तर त्या जेवणात दूध, दही, तूप, लोणी काही नाही. हे सगळ्यांना माहीत आहे असं मी धरून चालत होते. एका वर्षी सुक्कोथच्या मधल्या दिवसांत साठ माणसांचं जेवण होतं आणि हाताशी बायका कमी होत्या, म्हणून बाहेरचा आचारी लावला. मटण आपलंच दिलं, तांदूळ आपलेच दिले. पुलाव उतरवताना त्याने वरून वाटीभर साजूक तूप सोडलं. बिचाऱ्याने प्रेमाने सोडलं होतं. मी म्हटलं, निदान रस्त्यावरच्या गरिबांना तरी वाटू. प्रार्थना चालवणारे आमचे हज्जानसाहेब म्हणाले, तेही नाही. आपण दुधात शिजलेलं मांस खात नाही, इतकंच नाही, तर त्याचा कोणताही उपयोग करता येत नाही, दानसुद्धा नाही. सात किलो मटण टाकावं लागलं. त्या रात्री आम्ही साठ माणसांना कांदेपोहे आणि केळी वाढली. तेव्हापासून आचारी आला की मी स्वयंपाकघरातलं तूप, दूध आणि दही आधी कुलपात ठेवते. मग हातात नारळ देते आणि सांगते, जिथे तूप-दही लागेल असं वाटेल तिथे हे.

खरं तर कोकणात राहून कोशेर, म्हणजे आपले खाण्याचे नियम, पाळणं अवघड नाही, कारण नारळ आहे. रस्सा नारळाच्या दुधात, खीर नारळाच्या दुधात, ताकाच्या जागी सोलकढी. साठ माणसांच्या सोलकढीला आणि रश्श्याला मिळून मी पंधरा नारळ धरते, पुलावाला सहा किलो तांदूळ आणि साडेसहा-सात किलो मटण. मटणाची व्यवस्था हज्जानांशी बोलून आठवडा आधी करायची. कापणं त्यांचं, पण पुढचं काम आपलं: मांडीची शीर काढलेली आहे ना हे बघायचं, मटण अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मीठ लावून उतरत्या फळीवर म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीन पाण्यांनी धुवायचं. त्यामुळे रश्श्यात मीठ नेहमीपेक्षा कमी घाला, चाखून मग वाढवा.

मासे करणार असाल तर खवले आणि पर दोन्ही असलेले. पापलेट, रावस, बोय चालतात. कोळंबी, चिंबोरी, शिंपल्या, मोरी नाही. कोणी उत्साहाने कोळंबीचा डबा घेऊन आलं तर चारचौघांत बोलू नका, बाजूला घेऊन सांगा. ते माणूस पुढच्या वेळी परत यायला हवं.

आता विस्तवाचं. शब्बाथला चूल पेटवायची नाही, शिजवायचंही नाही. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी शिजलेलं अन्न मंद आचेवर पत्रा टाकून त्यावर ठेवून द्यायचं. इतर सणांच्या दिवशी शिजवता येतं, पण नवी काडी ओढायची नाही, आधीपासून जळत असलेल्या ज्योतीवरून विस्तव घ्यायचा. म्हणून सण लागायच्या आधी काचेच्या मोठ्या पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि जाड वात घालून दोन दिवस टिकेल असा दिवा लावून ठेवा. त्यावर लांब मेणबत्ती पेटवून गॅस लावता येतो. पेटवलेला गॅस मुद्दाम बंद करायचा नसतो, त्यामुळे किती वेळ शिजवायचं याचा विचार आधीच करा. किप्पूर आणि शब्बाथला हेही नाही.

पैसे सणाच्या दिवशी हाताळत नाही. जेवणाची वर्गणी चार दिवस आधी द्या. सेफेर उघडण्याचा मान बोलीत घेतला असेल तर आकडा तोंडी, पैसे सण संपल्यावर.

किद्दुशला, म्हणजे सणाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, द्राक्षारस मिळाला नाही म्हणून कोणी अडू नका. आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश केला. पाव किलो मनुका धुऊन रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी त्याच पाण्यात कुस्करा किंवा वाटा, पातळ फडक्यातून गाळा. साखर लागत नाही. चाळीस माणसांना घोट-घोट पुरतं. बेराखा द्राक्षाचीच, बोरे पेरी हागेफेन.

मशिदीत पाऊल ठेवताना

आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो, मुंबईत मांडवीला १७९६ साली बांधलेली शआर हाराहमीम तर आजही जुनी मशीद. ठाण्याची शआर हाशामाईम १८७९ ची. पुण्याच्या ओहेल डेव्हिडला अख्खं पुणं लाल देऊळ म्हणतं. नाव काही असो, पद्धत सारखीच. पुरुषांनी टोपी आणि सिसिथ, म्हणजे प्रार्थनेची झालरीची शाल, घ्यायचं, लग्न झालेल्या बायकांनी डोकं झाकायचं, बसायची जागा वेगळी, बऱ्याच ठिकाणी माडीवर. आत शिरताना दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला बोटं लावून ओठांना. सेफेर बाहेर आली की उभं राहायचं. मोबाइल घरी ठेवा.

दुसऱ्या गावच्या मशिदीत जाणार असाल, किंवा शेजाऱ्याला, मैत्रिणीला सोबत आणणार असाल, तर आधी कळवा आणि ओळखपत्र ठेवा. २००८ च्या नोव्हेंबरनंतर फाटकावर पोलीस बसतात आणि विचारपूस होते. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाहुण्यांचं स्वागत आहेच. माझ्या शेजारच्या जोशीकाकू सुक्कोथला दरवर्षी येतात आणि झावळ्या बांधायला हात लावतात.

प्रार्थना संपली की हातबोशी. समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, सोडायचा आणि आपली बोटं ओठांना लावायची. आधी वयाने मोठ्यांपाशी जा. वर्षभर ज्याच्याशी बोलला नाहीत त्याच्यापाशी त्या दिवशी मुद्दाम जा.

दारफाळणी आणि शिळा सण

किप्पूरचं जेवण म्हणजे आधीचं आणि नंतरचं. आधीचं जेवण दुपारी उशिरा, कमी तिखट, कमी मिठाचं. मी वरण-भात, दुधी आणि कोंबडीचा पातळ रस्सा ठेवते. पाणी दिवसभर थोडं-थोडं प्या, शेवटी एकदम तांब्याभर पिऊन काही होत नाही. चहाचं व्यसन असेल तर चार दिवस आधीपासून एकेक कप कमी करा. रोज्यात डोकं दुखतं ते बहुतेक वेळा चहामुळे. आजारी, गरोदर, औषधावर असलेल्यांनी डॉक्टर आणि हज्जान दोघांना विचारा. जीव आधी, असंच तोरा सांगते.

कपडे पांढरे, पायात चामडं नाही. जुन्या काळी घराची दारं लावून घेत, म्हणून दारफाळणी. संध्याकाळी नेईलाच्या, म्हणजे किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेच्या, वेळी स्वर्गाची दारं मिटतात, तेही हेच नाव सांगतं. त्या वेळी हेखाल उघडं असतं आणि सगळे उभे असतात. मी किती वर्षं उभी राहते आहे, तरी त्या शेवटच्या अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांत पाणी येतंच.

शोफार वाजला की शंभर माणसं एकदम बाहेर येतात, तेव्हा हाताशी काय आहे त्याला महत्त्व. आधी मनुकांचं सरबत किंवा लिंबू सरबत, मग पुऱ्या. या पुऱ्या म्हणजे आपल्या किप्पूरच्या, आत भाजलेला रवा, खोबरं, साखर, वेलची. दोन दिवस आधी तळून डब्यात भरा, कारण किप्पूरच्या दिवशी काहीच करता येत नाही. मग चहा, आणि अर्ध्या तासाने जेवण. मटणावर एकदम तुटून पडू नका.

दुसरा दिवस शिळा सण. उरलेल्या पुऱ्या, घराघरांत भेटी, गरिबांना दान. मशिदीत येऊ न शकलेल्या म्हाताऱ्यांकडे त्या दिवशी डबा घेऊन जायचा, हे काम मी कॉलेजच्या मुलांना देते. ती घरी बसतात, जुन्या गोष्टी ऐकतात आणि उशिरा परत येतात.

मांडव

किप्पूर संपलं की त्याच रात्री निदान एक बांबू उभा करावा अशी रीत आहे. सुक्का मोकळ्या आभाळाखाली हवी. मशिदीच्या आवारात जांभळाची किंवा आंब्याची फांदी वर आली असेल तर जागा बदला. वर नारळाच्या झावळ्या इतक्याच की सावली पडेल पण रात्री चांदणी दिसेल. आत फळं टांगायची: डाळिंबं, मोसंबी, सफरचंदं, केळ्यांचा घड, चिकू नको, दोन दिवसांत पिकून डोक्यावर पडतो. दोरीऐवजी पातळ जाळीच्या पिशव्या वापरा, फळ सडत नाही. परतीचा पाऊस आला तर आत जाऊन जेवा, त्यात काही चुकत नाही. लुलाव, म्हणजे खजुरीची न उघडलेली झावळी, आणि एत्रोग यांची प्रार्थनेत धरायची तयार जुडी मशीदच मागवते. एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग, मुलांना ते हुंगायला द्या. खिरीचा सण आपले पूर्वज याच दिवसांत करत, नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर. मी ती सुक्कोथच्या जेवणात आवर्जून ठेवते.

शेवटी सिमहाथ तोरा, तोरा वाचून पूर्ण झाल्याचा आनंद. सेफेर उराशी धरून फेऱ्या, गाणी, नाच. जेकब सर्कल भागात मागेन हसिदीम आणि तिफेरेथ इस्राएल चालत जाण्याइतक्या जवळ आहेत, लोक एकीकडून दुसरीकडे जातात. सण उतरल्यावर आमच्याकडे सुक्कातल्या फळांचा लिलाव होतो. तीस रुपयांचं डाळिंब तीन हजारांना जातं, आणि त्यातून पुढच्या वर्षीच्या जेवणाची सुरुवात होते.

हनुक्काचं विशेष सांगत नाही. तो आपल्याकडे उशिरा आला, आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हता. आठ दिवस दिवे लावा, एका संध्याकाळी मशिदीत जमून भजी तळा.

मलिदा

हा गोड पोह्यांचा प्रसाद मात्र पूर्णपणे आपला. एलियाहू हनाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाहूचं, नाव घेऊन करायचा: नवस फेडताना, लग्नाआधी, बाळ झाल्यावर, परदेशी निघताना. आणि तू बिश्वाथला, म्हणजे झाडांच्या नव्या वर्षाला, ज्याला जुने लोक एलियाहू हनाबीचा उरूस म्हणत. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हनाबीचा टापा आहे. खडकावर रथाची खूण उमटलेली आहे, संदेष्टा तिथूनच आभाळात गेला, असं आपले लोक मानतात. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून तिथे जा, येताना अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ बघा. ती १८४८ ची, १९१० साली पुन्हा बांधलेली.

वीस-पंचवीस माणसांना एक किलो जाड पोहे. फक्त धुऊन चाळणीत निथळत ठेवा, भिजत ठेवले तर लगदा होतो. दोन नारळ खवून, पावणेचारशे ग्रॅम साखर, वेलची-जायफळ, काजू, बदाम, बेदाणे. हाताने हलकेच कालवा आणि मोठ्या थाळीत ढीग करा. भोवती पाच प्रकारची फळं मांडा, त्यात खजूर हवाच. वर गुलाब किंवा सब्जाच्या डहाळ्या. आमच्याकडे एका बाजूला तळलेली कोंबडीची कलेजीही ठेवतात. त्यामुळे मलिद्यावर तूप सोडायचं नाही. एलियाहू हनाबीचं गाणं झालं की बेराखा ओळीने: झाडाच्या फळाची वेगळी, केळं जमिनीच्या पिकात धरतात म्हणून त्याची वेगळी, पोह्यांची वेगळी, सुवासाची वेगळी. गुलाब एकाकडून दुसऱ्याकडे हुंगत जातो. लहान मुलांना बेराखांचा हा क्रम पाठ होतो तो इथेच, पुस्तकातून होत नाही.

पुरीमला जुने लोक होळीचा सण म्हणत. एस्तेर राणीची मेगिला, म्हणजे तिच्या कथेची पोथी, ऐका, पुरणपोळ्या करा, दोन घरी ताट पाठवा.

पेसाह

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याची तयारी महिनाभर आधीपासून करायची. घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई, तिखट-मसाले नव्याने कुटलेले, पिठाचा कण कुठे राहू द्यायचा नाही. आजच्या फ्लॅटमध्ये चुना जाऊ द्या, पण गॅसची शेगडी, मिक्सर आणि मुलांची दप्तरं नक्की झाडा. बिस्किटांचा चुरा तिथेच सापडतो. मात्झा, म्हणजे बिनखमिराची पोळी, आता पाकिटात येते, पण निदान एकदा मशिदीत जमून घरच्यासारखी करा. कणीक आणि गार पाणी, बाकी काही नाही. पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत शेवटची पोळी तव्यावरून उतरली पाहिजे. म्हणून गोळा लहान घ्या, चार जणी लाटायला, दोन भाजायला आणि एक जण घड्याळ घेऊन. पोळी पापडासारखी पातळ, टोचे मारलेली.

हारोसेथ म्हणजे आपला खजुराचा शिरा. एक किलो काळा खजूर बिया काढून भिजवा, शिजवा, फडक्यातून गाळा आणि मधासारखा दाट होईपर्यंत आटवा. बरणीत महिनाभर टिकतो. सेदेरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या जेवणाच्या, ताटात अंडं, भाजलेलं हाडूक, लेट्यूसची पानं, मीठपाणी. भात आपण खातो, पण तांदूळ तीन वेळा निवडायचा, त्यात गव्हाचा दाणा राहू नये म्हणून.

हागादा, म्हणजे मिसरमधून सुटल्याची कथा, मराठीत वाचा. मुंबईत १८४६ साली मराठी अर्थासह हागादा छापली गेली, पुण्यात १८७४ साली चित्रांसकट, त्यात मात्झा करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. हिब्रू हज्जान म्हणतील, पण चार प्रश्न सगळ्यात लहान मुलाने मराठीत विचारावेत आणि उत्तर त्याच्या आजोबांनी मराठीत द्यावं. आजोबा नसतील तर दुसऱ्याचे आजोबा जवळ बसवा. सेदेरला मी नावं घेऊन जागा ठरवते, ती एवढ्यासाठीच. एकटा राहणारा माणूस दाराजवळच्या खुर्चीत बसतो, त्याला उठवून मुलांच्या मध्ये बसवायचं.

बिरड्याचा सण

आब महिन्याची नवमी, बेथ हामिकदाश, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर, पडल्याचा रोजा. त्याआधीचे दिवस मटण नाही. त्या दिवशी शालोमही म्हणायचं नाही, जमिनीवर बसायचं, दिवे कमी, एखा ही विलापाची पोथी वाचली जाते. रोजा सोडताना आमच्याकडे केळीच्या पानावर भात आणि वालाचं बिरडं. वाल तीन दिवस आधी भिजत घाला, रात्रभर भिजले की फडक्यात बांधून मोड येऊ द्या, मग कोमट पाण्यात टाकून सोला. रोज्याच्या आदल्या दुपारी दोन किलो वाल घेऊन आम्ही मशिदीच्या ओट्यावर बसतो. ज्याला स्वयंपाक येत नाही त्यालाही सोलता येतात, म्हणून त्या दुपारी पुरुषांनाही बोलावते.